गावात फुटबॉल स्टेडियम येतंय म्हणतात? मग पैशाचे कागद असे तपासा

आधीच सांगतो, हे स्टेडियमच्या विरोधात लिहिलेलं नाही. फुटबॉलवर गोव्यात कुणाचं प्रेम कमी नाही, माझंही नाही. पण लीग मोठी व्हायला लागली, टीम वाढायला लागल्या की आपल्याकडे कुठे ना कुठे घोषणा होतेच, आंतरराष्ट्रीय दर्जाचं स्टेडियम, इतके कोटी, तरुणांना एवढे रोजगार, आणि आपण तो कोटीचा आकडा ऐकून एकतर खूश होतो नाहीतर चिडतो. बांधायला किती लागणार हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. टीम निघून गेली, लीग थांबली, वर्षभर मॅचच झाल्या नाहीत, तर त्या वर्षी कर्जाचा हप्ता आणि विजेचं बिल कोण भरणार? याचं उत्तर कुठल्यातरी करारात लिहिलेलं असतं किंवा मुद्दाम लिहिलेलं नसतं. तो करार कसा मागायचा, त्यात काय बघायचं, ग्रामसभेत काय विचारायचं, ते सगळं खाली सांगतोय.

"टीम कशाला जाईल, गोवा म्हणजे फुटबॉल" असं कुणी म्हणालं तर त्यांना जरा मागचं आठवून द्या. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तीन क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशपातळीवरच्या लीगमधून, बाहेर पडले. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला धेंपोसारखा क्लब! त्यांची कारणं होती, देशाच्या फुटबॉल फेडरेशनचा पुढचा प्लॅन त्यांना पटला नव्हता, पण मैदानाच्या बाजूने बघितलं तर एका वर्षात वरच्या पातळीचे तीन भाडेकरू कमी झाले. आणि आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग बघा. २०१४ ला आठ टीम, २०१७ ला दहा, २०२४ ला तेरा, सगळं वाढतंच चाललं होतं, आणि २०२५ च्या जुलैत पुढचा सीझन होल्डवर टाकल्याची बातमी आली कारण फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपत होता आणि नवा झालेला नव्हता. देशात काही क्लबांनी सीनियर टीमचं कामच थांबवलं. म्हणजे टीम जाग्यावर, प्रेक्षक जाग्यावर, आणि तरी मॅच नाहीत. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

बाहेरचं एक उदाहरण सांगतो कारण आपल्या गावांच्या मापाचं आहे. अमेरिकेत शिकागोजवळ ब्रिजव्ह्यू नावाचं गाव आहे, लोकसंख्या साधारण सतरा हजार, म्हणजे आपल्या डिचोली शहराएवढी. तिथली फुटबॉलची मोठी लीग एमएलएस, १९९६ ला दहा टीमवर सुरू झाली, आज तीस आहेत. शिकागो फायर टीमसाठी या गावाने स्वतःच्या नावावर साडेतेरा कोटी डॉलरच्या आसपास बाँड (म्हणजे कर्जरोखे) काढून स्टेडियम बांधलं, २००६ ला उघडलं. गावाला वाटलं मॅच येतील, कॉन्सर्ट येतील, बाजूला हॉटेलं येतील, त्यातून कर्ज फिटेल. कमाई तेवढी झाली नाही, कर्ज फेडायला आणखी कर्ज काढावं लागलं, घरपट्टी वाढत गेली, आणि २०१९ मध्ये टीमने करारातून सुटण्यासाठी साडेसहा कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यायचं कबूल केलं आणि परत शिकागो शहरात खेळायला गेली. स्टेडियम गावात राहिलं, कर्जही गावातच. निदान त्या करारात टीमला मोकळं सोडलेलं नव्हतं म्हणून काहीतरी तरी हातात आलं. तो क्लॉज नसता तर तेही नाही.

आता आपल्याकडे काय करायचं ते.

पैसा कुठल्या वाटेने येणार ते आधी ठरवून घ्या

"सरकार बांधणार" हे उत्तर चालत नाही, त्याच्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक म्हणजे थेट राज्याच्या बजेटमधून. दुसरी, महामंडळ बांधणार, आपल्याकडे बहुतेक वेळा जीएसआयडीसीचं (राज्याच्या पायाभूत सुविधा महामंडळाचं) नाव येतं, मग कर्ज महामंडळाच्या वहीत आणि फेडणार शेवटी सरकारच. तिसरी, केंद्राची मदत, खेलो इंडियासारख्या योजनेतून किंवा एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या निमित्ताने. आपल्याकडे हेच जास्त झालंय, फातोर्ड्याचं स्टेडियम १९८९ चं, मग २०१४ च्या लुसोफोनिया गेम्ससाठी काम, परत २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपसाठी काम. स्पर्धेच्या वेळी पैसा एकदम येतो, स्पर्धा संपली की देखभाल मात्र कायम राज्याच्या गळ्यात. चौथी वाट पीपीपी, म्हणजे खाजगी पार्टी बांधणार, तीस-चाळीस वर्षं चालवणार आणि मग परत देणार. आणि पाचवी, जी सगळ्यात गोड वाटते, "सरकार फक्त जमीन देणार, एक रुपया खर्च नाही".

ही पाचवी नीट बघा. जमीन नाममात्र भाड्याने देणं आणि टॅक्स माफ करणं हा खर्चच आहे, फक्त तो बजेटच्या पानावर दिसत नाही. न्यूयॉर्कमध्ये एमएलएसच्या टीमचं नवीन स्टेडियम बांधतायत, बांधकामाचे पैसे सगळे टीमचे म्हणून खूप कौतुक झालं, पण जमीन शहराची, ४९ वर्षांच्या लीजवर, आणि प्रॉपर्टी टॅक्स नाही. त्या शहराचंच स्वतंत्र बजेट ऑफिस आहे, त्यांनी हिशोब केला तर न येणारा टॅक्स एवढ्या वर्षांत ५० कोटी डॉलरच्या वर जातो. आपल्याकडे मडगाव, म्हापसा, फोंड्याच्या आसपास जमिनीचा भाव काय झालाय ते तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे "फक्त जमीन" म्हटलं की आधी चौरस मीटर विचारा आणि बाजारभावाने गुणून बघा.

बजेटचं पुस्तक कसं बघायचं

याला लोक उगाच घाबरतात. राज्याच्या बजेटचे कागद ऑनलाइन असतात, त्यात क्रीडा खात्याची डिमांड, म्हणजे त्या खात्याच्या खर्चाचा भाग, शोधायची. दोन नंबर पाठ करून ठेवा. ४२०२ हे हेड म्हणजे शिक्षण, क्रीडा, कला, संस्कृती यावरचा भांडवली खर्च, बांधकाम त्याच्यात. २२०४ म्हणजे क्रीडा आणि युवक सेवा यांचा चालू खर्च, पगार, अनुदान, देखभाल त्याच्यात. हे नंबर अख्ख्या देशात सारखेच असतात.

प्रत्येक ओळीसमोर साधारण चार रकाने असतात, आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचं बजेट एस्टिमेट, त्याचं रिवाइज्ड एस्टिमेट, आणि पुढच्या वर्षाचं बजेट. बजेटमध्ये मोठी रक्कम आणि रिवाइज्डमध्ये एकदम कमी, असं दोन-तीन वर्षं ओळीने दिसलं तर समजायचं की घोषणा जोरात आहे पण काम हललेलं नाही. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ४२०२ मध्ये नवीन स्टेडियमला पैसे ठेवलेत पण २२०४ मधली देखभालीची रक्कम जिथल्या तिथेच आहे, असं दिसलं तर बांधल्यावर सांभाळायचं कशाने याचा विचार कुणी केलेला नाही. गोव्याचा पाऊस चार महिने नुसता कोसळतो, ड्रेनेज तुंबलं की ग्राउंडची वाट लागते, फ्लडलाइट, छपराचे पत्रे, खुर्च्या, समुद्राजवळ असेल तर गंजणं वेगळंच. कृत्रिम टर्फ घातला म्हणजे सुटलो असंही नाही, तो साधारण आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो.

महामंडळामार्फत काम असेल तर बजेटच्या कागदांमध्ये सरकारने दिलेल्या हमींचं वेगळं स्टेटमेंट असतं ते बघा. हमी दिली म्हणजे महामंडळ हप्ता चुकलं तर सरकार भरणार, आणि सरकार म्हणजे आपणच.

हप्त्याचा हिशोब स्वतः करा

समजा १०० कोटींचं स्टेडियम, सगळं कर्जाने, ८ टक्के व्याज, २० वर्षं. हे आकडे मी समजायला सोपे म्हणून घेतलेत, तुमच्या प्रस्तावातले घाला. मोबाईलवर कुठल्याही ईएमआय कॅल्क्युलेटरला टाका, महिन्याला साधारण ८३ लाख ६४ हजार, म्हणजे वर्षाला साधारण १० कोटी ४ लाखांचा हप्ता येतो, वीस वर्षांत एकूण दोनशे कोटींच्या वर. आता तेरा टीमची लीग धरली तर एका टीमच्या घरच्या मॅच वर्षाला बारा. दहा कोटी चार लाख भागिले बारा, एका मॅचला साधारण ८४ लाख. प्रत्येक मॅचला दहा हजार लोक आले असं धरा, तर माणशी साधारण ८४० रुपये नुसत्या हप्त्याचे, यात वीज नाही, माळी नाही, पोलीस बंदोबस्त नाही. आणि तिकिटाचे पैसे स्टेडियमच्या मालकाकडे नाही, क्लबकडे जातात, मालकाला फक्त भाडं! म्हणून प्रेझेंटेशनमध्ये "स्टेडियम स्वतःचा खर्च स्वतः काढेल" असं लिहिलेलं असेल तर त्या वाक्याखालचा हिशोब मागा, किती दिवस वापर धरलाय, किती भाडं धरलंय, कॉन्सर्ट आणि लग्नं किती धरलीत.

व्याज धरायचं विसरू नका कारण घोषणेत ते कधीच नसतं. अमेरिकेतच पॉटकेट नावाच्या शहरात दुसऱ्या पातळीच्या यूएसएल लीगमधल्या नव्या टीमसाठी स्टेडियम झालं, २०२५ ला उघडलं, त्यासाठी काढलेले बाँड ५.४ कोटी डॉलरचे आणि व्याजासकट फेडायचे साधारण १३.२ कोटी. दुपटीहून जास्त.

रोजगाराच्या आकड्याचंही तसंच. रॉजर नोल, अँड्र्यू झिंबालिस्ट यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ तिकडे १९९० च्या दशकापासून हे मोजत आलेत आणि जवळजवळ सगळे एकाच निष्कर्षावर येतात, स्टेडियममुळे शहराचं उत्पन्न सांगतात तसं वाढत नाही, कारण माणूस जो पैसा मॅचला घालवतो तोच एरवी हॉटेलात, सिनेमाला, बाजारात घालवणार होता. गोव्यात बाहेरून येणारे फॅन असतात हे खरं, केरळचे किती आले होते ते फातोर्ड्याच्या फायनलला आपण बघितलंय, पण वर्षात अशा मॅच किती?

करारात नेमकं काय शोधायचं

आता मुख्य काम. एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, प्रोफेशनल क्लबला लीगमध्ये खेळायला क्लब लायसन्स लागतं आणि त्यासाठी स्टेडियम स्वतःचं नसेल तर वापराचा लेखी करार दाखवावा लागतो. म्हणजे सरकारी स्टेडियमवर क्लब खेळत असेल तर कागद असलाच पाहिजे. "तोंडी ठरलंय" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

करार हातात आला की सगळ्यात आधी मुदत बघा. कर्ज वीस वर्षांचं आणि क्लबचा करार तीन वर्षांचा असेल तर मधली सतरा वर्षं कुणाची? मग बाहेर पडण्याचा क्लॉज, किती नोटीस, किती भरपाई, आणि लीगच बंद पडली तर काय, कारण "आमच्या हाताबाहेरची परिस्थिती" म्हणून जो क्लॉज असतो त्यात लीग रद्द होणं घातलं असेल तर क्लब एक पैसा न देता मोकळा होतो. भाडं ठरावीक आहे की तिकिटाच्या टक्केवारीवर, पार्किंग, जाहिरातीचे बोर्ड, स्टेडियमला कंपनीचं नाव द्यायचे पैसे कुणाकडे, मोठी दुरुस्ती कुणाची आणि छोटी कुणाची, "मोठी" म्हणजे किती लाखांच्या वर. आणि आपल्या दृष्टीने सगळ्यात जिव्हाळ्याचं, वर्षात किती दिवस ग्राउंड गावातल्या क्लबांना, शाळांना, मुलींच्या टीमना मिळणार, किती भाड्याने. हे करारात दिवसांच्या आकड्यात लिहिलेलं नसेल तर ते मिळत नाही, "ग्राउंडला आराम हवा" म्हणून गेट बंद राहतं. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये लोकांनी क्लबशीच वेगळा लेखी करार करून घेतला, कामगारांचं किमान वेतन, परवडणारी घरं, पाळणाघराची सोय, सगळं लिहून. आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

जमीन

कोमुनिदादची (गावकारांच्या संस्थेची सामायिक) असेल तर गावकारांच्या सर्वसाधारण सभेचा ठराव मागा, कुठल्या उद्देशाने दिली ते त्यात असतं. खाजगी असेल तर भूसंपादन २०१३ च्या कायद्याने होणार का, सामाजिक परिणामांचा अभ्यास होणार का विचारा. आणि झोन! शेतजमीन किंवा बाग असेल तर झोन बदलावा लागणार, टीसीपी म्हणजे नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खाली नोटीस निघाली तर हरकतीला ३० दिवस मिळतात, त्यामुळे नोटिसांवर लक्ष ठेवायला गावातला एक माणूस नेमूनच टाका. नकाशात स्टेडियम किती जागेत आणि हॉटेल, मॉल, फ्लॅट किती जागेत हे नीट मोजा. कधीकधी स्टेडियम हे नुसतं निमित्त असतं.

आरटीआय असा घाला

साधा कागद, १० रुपये फी, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. स्टेडियम कुणाच्या ताब्यात आहे त्यावर क्रीडा प्राधिकरण, क्रीडा खातं किंवा महामंडळ. "का" विचारायचं नाही, कारण मत मागितलं की अर्ज परत येतो, कागद मागायचे. मजकूर साधारण असा:

"(१) सदर स्टेडियमचा सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर), प्रशासकीय मंजुरी आणि मंजूर खर्चाचा अंदाज, सुधारित अंदाजासह. (२) निधीचे स्रोत, घेतलेल्या कर्जाची मुदत, व्याजदर, आणि सरकारने दिलेली हमी असल्यास तिची प्रत. (३) कोणत्याही व्यावसायिक क्लबशी किंवा लीगच्या आयोजकांशी केलेला अथवा प्रस्तावित करार. (४) सध्याच्या आपल्या ताब्यातील स्टेडियमांचा मागील पाच वर्षांतील वर्षवार भाडे उत्पन्न, थकबाकी, देखभाल व वीज खर्च, आणि वापराचे दिवस."

चौथा मुद्दा मी मुद्दाम घालायला सांगतोय. नवीन स्टेडियमचे सगळे आकडे अंदाजाचे असतात, जुन्याचे खरे असतात. फातोर्डा आहे, वास्कोचं टिळक मैदान आहे, बांबोळी आहे. कोविडच्या वेळी आयएसएलचे दोन अख्खे सीझन या तीन ठिकाणी झाले, म्हणजे आपल्याकडे जागा अगदीच कमी आहे असं नाही. ती वर्षभर किती भरतात ते आधी कळू दे.

३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. "व्यापारी गोपनीयता" म्हणून नकार आला, आणि करार मागितला की येतोच, तर कलम ८(१)(ड) सांगितलेलं असेल, त्यावर पहिल्या अपिलात लिहा की सरकारी मालमत्तेचा आणि सरकारी पैशाचा करार आहे, कलम ८(२) प्रमाणे सार्वजनिक हित मोठं आहे, आणि खरोखरच काही ओळी गोपनीय असतील तर कलम १० प्रमाणे तेवढ्या झाकून बाकीचा द्यावा. अपील ३० दिवसांत, नंतर राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत. वेळ लागतो म्हणून समांतर दुसरं काम करा, तुमच्या आमदाराला सांगून हेच प्रश्न विधानसभेत एलएक्यू म्हणून घालायला लावा. विरोधी पक्षाचा असला तर पटकन घालतो, सत्तेतला असला तरी विचारायला लाजू नका. आणि सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचे रिपोर्ट चाळा, क्रीडा खात्याबद्दल आक्षेप असेल तर तो छापलेला असतो, त्याला कुणी "विरोधकांचं राजकारण" म्हणू शकत नाही.

ग्रामसभेत

भाषण करू नका, वेळ जातो आणि पंच मंडळी उत्तर टाळायला मोकळी. प्रश्न लेखी द्या, आधी सचिवाकडे इनवर्ड करून पोच घ्या. "अहो, पैसे सरकारचे, पंचायतीचं काय जातंय?" असं कुणीतरी म्हणणारच, तेव्हा शांतपणे रस्ता, सांडपाणी, कचरा आणि मॅचच्या दिवशीचं पार्किंग कुणाचं ते विचारा, हे सगळं पंचायतीवर येतं. ठराव "विरोध" असा न घेता अटींचा घ्या: करार सही होण्याआधी ग्रामसभेसमोर ठेवावा, क्लबच्या कराराची मुदत कर्जाच्या मुदतीएवढी असावी, मध्येच सोडल्यास उरलेल्या हप्त्यांची भरपाई बँक गॅरंटीने असावी, स्थानिकांसाठी अमुक दिवस राखीव. ठराव प्रोसीडिंगमध्ये शब्दन्‌शब्द उतरला का ते तिथेच वाचून घ्या आणि नंतर प्रमाणित प्रत काढा. नगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा नसते, तिथे नगरसेवकाला गाठून पालिकेच्या बैठकीत हे विषयपत्रिकेवर आणावं लागतं.

अटी घातल्या तर प्रोजेक्ट दुसऱ्या तालुक्यात जाईल अशी भीती घालतील. सेंट लुईस शहरात एप्रिल २०१७ मध्ये हेच झालं, एमएलएसच्या स्टेडियमसाठी शहराचे सहा कोटी डॉलर द्यायचे का यावर मतदान झालं, लोकांनी नाही म्हटलं, सगळे म्हणाले संपलं आता. दोन वर्षांत दुसरे मालक पुढे आले, बहुतेक पैसा स्वतःचा घातला, टॅक्समध्ये सवलत शहराने दिली, आणि आज तिथे टीम खेळते, स्टेडियम भरलेलं असतं.

आणि ग्रामसभेत पर्यायही ठेवा, नुसते प्रश्न नकोत. त्याच पैशाच्या छोट्या भागात तालुक्यातल्या आहे त्या मैदानांना ड्रेनेज, कुंपण, चार लाइटचे खांब, मुलींसाठी चेंजिंग रूम आणि एक पगारी ग्राउंड्समन एवढं केलं तर किती येतं, याचं एस्टिमेट पंचायतीने पीडब्ल्यूडीकडून मागवावं असा दुसरा ठराव त्याच दिवशी घ्या. दोन्ही एस्टिमेट एकाच टेबलावर आली की चर्चा आपोआप आकड्यांवर येते. तोपर्यंत आरटीआयचं उत्तर आलं नसेल तर थांबून राहू नका, फाईल प्रत्यक्ष बघण्याचा अधिकार त्याच कायद्यात आहे, तसा अर्ज करा, दोघं-तिघं मिळून जा, एकाने वाचायचं, एकाने पान नंबर लिहायचे, आणि ज्या पानांवर सही, तारीख आणि रक्कम आहे त्यांच्याच प्रती मागा.